दोन अंगांचा गुलाबी

पत्र्याच्या पट्टीवर नाव खिळ्याने टोचलेलं होतं.
आता एक काना आणि अर्धी वेलांटी उरलीय,
बाकीचं गंजाने वाचून टाकलं.

रेल्वे लाइनीतले डिमेलो गार्ड बदलीवर हुबळीला निघाले
तेव्हा डालड्याच्या डब्यातून हे कलम देऊन गेले.
जुनी जात आहे मास्तर, हल्ली कुणी लावत नाही.
पाणी जपून घाला,
आणि ऑक्टोबरात दया करू नका.

नायना अशोक चौकातल्या चादरीच्या कारखान्यात रंगमास्तर.
नखं कायम कुठल्यातरी ऑर्डरच्या रंगाची.
यंदा लोक काय पांघरणार
ते आम्हाला त्यांच्या जेवणाच्या ताटापाशी कळायचं.

डिसेंबरात पहिलं फूल आलं. एका दांड्यावर एकच,
मान लांब, कळी घट्ट पिळलेली.
नायनांनी एक पाकळी ओल्या रुमालात बांधून
सायकलवरून कारखान्यात नेली.
चिमूट चिमूट पावडर, मीठ, सोडा, उकळतं पाणी,
सुताची लडी बुडवून, पिळून, वाळवून
सकाळच्या उन्हात झाडाशेजारी धरायचे.
‘इदी कादु.’
हा नाही.

सतरा लड्या झाल्या. आईने खुंटीला अडकवल्या.
एक कांद्याच्या सालीची, एक बाळाच्या टाचेची,
एक बघून शेजारची रेणव्वा म्हणाली,
हा तर माझ्या इरकलीचा की,
धुऊन धुऊन उरलेला.
इदी कादु.

मग एकदा आई गच्चीवर चादर झटकत होती.
या अंगाला पांढऱ्यावर लाल मोर,
त्या अंगाला लालावर पांढरा.
आयुष्यभर रंगवलेली चादर
नायना पहिल्यांदा पाहावी तशी पाहत राहिले,
चहा तसाच ठेवून खाली उतरले,
अंगठ्याने पाकळी उलटली.
आत दुधावरची साय,
पाठीला बीट चिरलेल्या विळीचं पाणी.
येडा मी, म्हणाले. एकच रंग हुडकत होतो.

मालक म्हणाले, गुलाबी चादर कोण घेतंय मास्तर?
म्हणून एकच विणली. पगारातून कापून.

कारखान्याच्या जागी आता मंगल कार्यालय आहे.
नळाला पाचव्या दिवशी पाणी,
बोअरच्या पाण्याने कुंडीला मिठाची किनार धरते.
मे महिन्यात मी झाडावर गोणपाट टाकते,
स्वतःवर काही टाकत नाही.
बुडातून सात पानांची रानटी फूट निघते,
जोमदार, बिनफुलाची,
ती मी कापते. दर वेळी थोडं थांबून.

चादर अजून आहे. थंडीत गडद अंग वर घेते.
मधोमध विरलीय, तिथे दोन्ही अंगं
एकच रंग झालीत,
तो कुठला, ते विचारायला नायना नाहीत.

परवा नर्सरीचा पोरगा डोळे बांधायला फांदी मागायला आला.
व्हरायटी कुठली, काकू?
मी पट्टी पुढे केली.
त्याने वहीत लिहून घेतलं:
काना, अर्धी वेलांटी.