घड एक, पडला

फैजपूरच्या बाजारात गाठोडं सुटलं
तेव्हा आत एकाच रंगाचे शर्ट निघाले, पिवळेधमक,
छातीवर निळा बगळा, एक पाय दुमडलेला,
खाली इंग्रजीत: जगज्जेते.
चाळीसला एक. हुरमत तडवीनं टोळीपुरते अकरा घेतले.
केळीचा चीक कुठल्याच कापडाला सोडत नाही,
जुन्याची निदान हळहळ लागत नाही.

मी काट्यावरचा माणूस. घड मोजतो. पडले तर तेही.
माझी पुतणी हर्षाली जळगावहून सुट्टीवर आलेली,
तिनं मोबाइलवर शोधून त्या बगळ्याचा इतिहास काढला.
भाकरी हातात तशीच धरून टोळी ऐकत बसली.

अमेरिकेत पोर्ट अल्डन नावाचं गाव. थंड.
तिथल्या बर्फाच्या कारखान्यातले कामगार
रविवारी चामड्याचा चेंडू छातीशी धरून पळायचे.
चेंडू गोल नाही, पपईसारखा, दोन्हीकडून निमुळता.
नाव फुटबॉल, पण पायाला काम कमी.
"मंग हातबॉल म्हना ना!"
पळणाऱ्याला बाकीच्यांनी पाडायचं, एवढाच खेळ,
नियम मात्र सातबाऱ्याहून किचकट.
मालकानं पगार सुरू केला, पोरं धंदेवाईक झाली.
मग कारखाना बुडाला.
मग संघ एका साबणवाल्यानं घेतला,
मग साबणवाल्याच्या जावयानं,
आणि जावयानं एका रात्री
हेल्मेटं, खांद्याच्या गाद्या, बगळ्याची पाटी ट्रकांत भरून
हजार मैलांवरच्या शहरात नेली.
तिथं मैदान फुकट मिळत होतं.
सकाळी पोर्ट अल्डनच्या लोकांनी पाहिलं:
खांब उभे, गवत कापलेलं, बगळा नाही.
"ट्रक पुरे भरले व्हते का?" सुगदेवनं विचारलं.
ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

पुढं एकोणचाळीस वर्षं नुसतं हरणं.
मग एकदाचा अंतिम सामना. शेवटचं मिनिट, आघाडीवर हेच,
चेंडू एल्मर होल्टच्या काखेत,
आता फक्त धरून ठेवायचं होतं.

सुटला.

शर्ट दोन्ही संघांचे आधीच छापून ठेवतात म्हणे,
जिंकले की तिथल्या तिथं घालता यावेत.
हरलेल्यांचे त्या देशात कुणाला दिसू देत नाहीत.
गठ्ठे बांधून बोटीत, बोटीतून कांडला,
कांडल्याहून धुळं, धुळ्याहून आपल्या अंगावर.

"म्हन्जे हे जितलेच नाई?"
"नाही."
इतबारनं मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे पाहिलं.
तीन दिवसांत बगळ्याची चोच चिकानं काळी पडली होती.
"आपल्या मळ्यात तर जितले," म्हणाला,
आणि हात धुवायला पाटावर गेला.

हुरमतचं डोकं दुसरीकडेच.
"काहो दादा, त्या एल्मरचे किती कापले?"
हर्षालीनं खूप शोधलं.
त्याची उंची सापडली, वजन, बायकोचं नाव,
पुढं तो टायर विकायचा, हेही.
कापल्याचं काही नाही.

दिवस कलता दिल्लीचा ट्रक लागला.
बांधावरून अकरा बगळे येत होते,
खांद्यावर वाळल्या पानांची गादी, गादीवर घड,
एक हात दांड्यावर, मान तिरपी.
पाटाच्या काठाला कुणाचा तरी पाय सरकला.
तो आवाज मी झोपेतही ओळखेन,
ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा.
सगळे थांबले, माझ्याकडे बघत.
ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मग पुन्हा दिला.

रकान्यात लिहिलं: घड एक, पडला.
शेजारी नावाची जागा.
मी वर पाहिलं. उन्हानं डोळे दिपले,
समोर अकराही
जगज्जेते.