मागणीपत्रक

बाप भवानी पेठेत जोडे शिवायचा.
मी वानवडीत पाय करतो.
सोयरे हसतात, म्हणतात, धंदा तोच की.
तोच कसा? बापानं उभ्या जन्मात
एकटा जोडा विकला नाही.
जोडा म्हणजेच दोन, म्हणायचा.
माझ्या फळीवर सगळे एकेकटे,
रबराच्या टाचा भिंतीकडे,
जसं कुणी त्यांना शाळेत उभं केलंय.

महिन्याभरात येतो म्हणून पलटणी गेल्या त्या बेटावर.
दीड वर्ष झालं.
माझ्याकडं येतात ते ढोपराच्या वर की खाली,
एवढाच प्रश्न घेऊन.
प्लास्टर ओलं असताना बोलतात,
सुकलं की गप्प.

पिंटोनं आज मागणीपत्रक आणून ठेवलं.
पुढच्या वर्षाला किती पाय लागतील?
उजवे, डावे, नंबर सहा, सात, आठ.
एकतीस मार्चच्या आत. रकाना रिकामा चालत नाही.

कॅन्टीनमध्ये सुभेदार बाबर बशीत चहा ओतून बोलतात,
आता माघारी आलो
तर गेलेली पोरं कशासाठी गेली?
मला उत्तर येत नाही.
मला फक्त कातडं आठवतं.
एखादा तुकडा चुकून तिरका कापला गेला
की बाप रापी खाली ठेवायचा.
तसंच पुढं कापत गेलास, म्हणायचा,
तर चूक सरळ होत नाही,
कातडं संपतं.

हे मी तुळशीदास कणशाला सांगितलं.
खटावचा. पाय गेला तो नारळीच्या बागेत.
तो म्हणाला, मिस्त्री, कातड्याला शेजारी नसतात.
तिथं एक म्हातारा होता विहिरीवाला,
आमच्या सेक्शनला रोज कळशी द्यायचा.
तण्णी, म्हणायचा. मीही म्हणायला शिकलो.
आम्ही निघालो की त्याला विचारतील,
पाणी कुणाला पाजलंस?

मग बराच वेळ प्लास्टरकडं बघत राहिला.
पण सुरुंग कुठं पुरलेत
ते त्याला ठाऊक होतं का,
हेही मला कळलेलं नाही, म्हणाला.
ठाऊक असून पाणी देत असेल का माणूस?
देत असेल.

मी पट्टी लावून माप घेतलं. सात नंबर, उजवा.

दोन दांड्यांमध्ये धरून चालायला
आठवड्यात येतं कुणालाही.
वळायला महिना जातो.
नवा पाय पुढं जायला राजी असतो,
टाचेवर फिरायचं म्हटलं की अडतो,
आणि माणूस पडतो तो तिथंच,
आरशासमोर, टोकाला पोचल्यावर.
कणसे चार वेळा पडला.
पाचव्यांदा त्यानं हात पुढं केला नाही,
मीही केला नाही. बसून राहिलो दोघं फरशीवर.
बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं
रेसकोर्सच्या बाजूला.

शून्य लिहावं, असं फार वाटतं.
शून्य लिहिलं आणि तरी पोरं आली
तर बसतील कुबड्यांवर पावसाळाभर
माझ्या भाबडेपणाची वाट बघत.
आकडा लिहावा,
तर ते पाय आजच कुणाच्या तरी नावचे होतात,
जे आत्ता तिकडं दोन्ही पायांनी उभे आहेत,
बुटाची नाडी बांधतायत,
घरी पत्र टाकलं का आठवतायत.

बाबर म्हणतात, तू मिस्त्री, तुला काय विचारतंय दिल्ली?
खरंय. दिल्लीनं मला नंबर विचारलाय फक्त.

संध्याकाळी पिंटो आला, घड्याळ बघत.
म्हणाला, एवढं काय, सगळे खातेवाले लिहितात तेच लिही:
मागील वर्षाप्रमाणे.
दोन शब्द. सवयीचे, गुळगुळीत.

मी लिहिले. पेन्सिलीनं.
तो म्हणाला, शाईनं लागतं.
म्हटलं, उद्या देतो.

खोडरबर खिशात घालून घरी आलो.
बायकोनं धुवायला सदरा घेतला, खिसा झाडला,
विचारलं, शाळेत जाताय का?