गळती

दाल बाजारात, वरच्या मजल्यावर माझं दुकान.
खालून तुरीची धूळ चढते,
रेडिएटरच्या पात्यांत पिवळी होऊन बसते.
लश्करातला मे. रात्री दहालाही
जिन्याचा कठडा हाताला चटका देतो.

हेरंब टोकेकरचं मशीन टेबलावर उघडं.
तो न बांधलेल्या इमारती काढतो.
त्यांच्या काचांवर ऊन पाडता पाडता
प्रोसेसर शंभरावर जातो
आणि जीव वाचवायला मुद्दाम रेंगाळतो.

चिपच्या पाठीवर पेस्ट, डाळीच्या दाण्याएवढी. जास्त नको.
वर तांब्याचा ठोकळा,
त्याच्या पोटात फणीच्या दातांहून बारीक चिरा.
पाणी त्यांतून अंग चोरून जातं,
जाता जाता उष्णता उचलतं.
पंप ढकलतो, नळी वळते,
रेडिएटरमध्ये पाणी पसरतं, पंखे फुंकतात,
आणि ते रिकाम्या हातांनी परत येतं.
जादू नाही. हमाली आहे.
खाली बाजारात दिवसभर हेच:
पोतं उचल, पोतं टाक, परत ये.

नळाचं पाणी चालत नाही.
आमच्या बादल्यांचे काठ बघा, म्हणजे कळेल का ते.
डिस्टिल्डच घ्यायचं,
शेवाळ धरू नये म्हणून औषधाचे चार थेंब.
मग मशीन तिरपं करून
ढेकर काढायला बाळाला थोपटावं
तशी थोपटत बसले.
एक बुडबुडा कोपऱ्यात अडला होता.
निघाला. पंपाची कुरकुर थांबली.

प्रत्येक सांध्याखाली टिश्यूची घडी.
वीज फक्त पंपाला.
सकाळपर्यंत नुसतं बघायचं.

हेरंब जाताना म्हणाला, "ताई, किती थंड होईल?"
खोलीपेक्षा थंड कधीच नाही.
पाणी उष्णता मारत नाही रे,
दुसरीकडे नेऊन ठेवतं.
"दुसरीकडे म्हणजे?"
म्हणजे इथेच. ह्या खोलीत. तुझ्या-माझ्या अंगावर.
तो हसला,
मग खिडकीतल्या कूलरकडे बघत राहिला.

दोनला लाइट गेली, अडीचला आली.
तीनला टॉर्च मारला:
डावीकडच्या घडीवर ओला ठिपका. रुपयाएवढा.

पोटात गोळा.
सांधा पुसला, कोरडा. नळी चाचपली, कोरडी.
वरचा सांधा, त्याच्याही वरचा.
वाकून बघत असतानाच
शेजारी दुसरा ठिपका पडला.

बोट टेकवून जिभेला लावलं.
लावू नये, माहीत आहे.
खारट.

हनुवटी पुसली. घडी बदलली.
वहीत लिहिलं: तीन वाजून दहा मिनिटं, गळती नाही.