साइमीची पाठ

नगरपालिकेचा कागद घेऊन गेले होते मी तिच्याकडे.
सही हवी होती:
पातं एकदाच वापरते, हातमोजे घालते,
रक्त तळ्यात ओतत नाही.

मार्च संपत आलेला, तरी हाउकियार्वीवर
ट्रक जाईल इतका बर्फ होता.
साइमी अंगणात लाकडं फोडत होती. वय एक्याऐंशी.
म्हणाली, वाचायला चष्मा लागतो,
चष्मा आत आहे, आत साउना तापलाय,
आणि तू, पोरी, डावा खांदा का चोरतेस?

मी आरोग्य केंद्रात नर्स.
बावीस वर्षं आडव्या माणसांना उभं करते.
खांद्याचं कुणी विचारलं नव्हतं.

पातेल्यात उकळलेली गाईची शिंगं,
टोकं छाटलेली, टोकांवर पातळ चामडं
दोऱ्यानं करकचून बांधलेलं.
रुंद तोंड पाठीवर टेकवून
ती टोकाकडून श्वास ओढायची
आणि कातडी आत चढायची
राईची कणीक फुगावी तशी.
मग नखाएवढ्या कुऱ्हाडीनं टक, टक,
घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या हातानं,
आणि पुन्हा शिंग.
अकरा शिंगांचं एक जनावर होऊन
मी फळीवर पालथी पडले होते.

ती ओइवाबद्दल बोलत होती, ओंडक्यांचा ट्रक चालवायचा तो.
डोकं दुखतंय म्हणून आला,
मी म्हटलं, हे माझ्या शिंगांचं काम नाही,
तुझं तोंड वाकडं होतंय, आत्ता नीघ.
मला आठवलं.
त्या रात्री त्याला हेलिकॉप्टरमध्ये चढवणारे हात
माझे होते.
मी बोलले नाही.

शिंग उलटं करून दाखवलं तिनं,
काळं, साकळलेलं, जांभळाच्या मुरंब्यासारखं.
वाईट रक्त, म्हणाली, बघ.
मी बघितलं. रक्त वाईट नसतं,
त्यात हिमोग्लोबिन असतं, गोठायला लागणारा वेळ असतो.
माझंच होतं ते, एवढं ओळखलं.

मोबदला कॉफीचं एक पाकीट,
तेही आठवण राहिली तर.
साठ वर्षं गावभर तुंबड्या लावल्या,
स्वतःची तुंबडी साइमीनं कधी भरली नाही.

खांदा तीन दिवस गप्प होता.
चौथ्या दिवशी परतला,
चावी स्वतःकडे असलेल्या भाडेकरूसारखा.
दोन आरशांत मी वर्तुळं मोजत राहिले,
जांभळी, मग हिरवट, मग पिवळी,
मग मोजायला काही उरलं नाही.
कागद सहीविना गाडीच्या खणात.

एप्रिलात फोन आला.
राउहा, माझा हात माझ्या पाठीला पोचत नाही.
जिचा पोचायचा, ती नोव्हेंबरात गेली.
मी म्हटलं, नियमात बसत नाही.
म्हणाली, कुऱ्हाड नको. कोरडीच लाव.
मी म्हटलं, माझा विश्वास नाही.
म्हणाली, तो कुणी मागितलाय?

तिच्या पाठीवर बारीक पांढरे वण,
शेकडो, ओळीओळीनं,
आणि मधेच कुठे कुणाचा तरी
शिकाऊ हात घसरलेला.
तिथंच मी शिंग टेकवलं.
टोकाच्या चामड्याला कॉफीचा वास होता.
श्रद्धा नव्हती तोंडात,
श्वास होता तेवढा ओढला.

पहिलं निसटलं.
दुसरं निसटलं, फळीवरून घरंगळत
पाण्याच्या बादलीत जाऊन पडलं.
घाई करतेस, ती हातांच्या घडीत तोंड खुपसून म्हणाली,
सगळ्या नर्सा घाई करता.

तिसरं बसलं.
आणि ती एक्याऐंशी वर्षांची पाठ
किंचित
माझ्याकडे वर आली.