गिट्टीच्या ढिगावर

पाय सुजलेले असतानाच बूट घ्यायला यावं,
हे इद्रिसभाईंचं म्हणणं.
म्हणून गुरुवारी, दिवसभरात एकसष्ट जणांचं रक्त काढून,
दवाखान्यातून थेट परतवाड्याच्या बाजारात.

पिशवीत जुना जोडा. चामड्याचा, घोट्याच्या वर येणारा,
सात वर्षांपूर्वी नागपूरहून मागवलेला,
डोंगर म्हटलं की घोटा झाकलाच पाहिजे
असं कुणीतरी म्हणालं म्हणून.
घोटा झाकला गेला.
गुडघे बोलू लागले.

मला मुक्काम करायचा नसतो.
पाठीवर दोन भाकरी, ठेचा, दोन लिटर पाणी
आणि एक सेफ्टीपिन.
पहाटेच्या एसटीने घटांगला उतरायचं,
अठरा-वीस किलोमीटर रान,
शेवटच्या गाडीने परत.
एवढ्यासाठी पायाला विटा कशाला बांधायच्या?

इद्रिसभाईंनी तीन डबे उघडले.
पळणाऱ्यांचे बूट, म्हणाले, पण सडकेवरच्या नव्हे,
रानात पळणाऱ्यांचे.
"मी कुठं पळते?"
"नका पळू. बुटाले सांगू नका फक्त."

शेजारी राठींच्या काट्यावर जुना जोडा ठेवला:
एक किलो चारशे.
नवा: पाचशे ऐंशी.
"आणखी काही?" राठींनी सवयीने विचारलं.
आठशे वीस ग्रॅम.
तेवढी तूरडाळ मी सात वर्षं
उचलत होते, ठेवत होते, उचलत होते,
एकदाही न शिजवता.

पहिला जोडा पाणी आत न घेणारा. नको.
ओढ्यात वरून शिरतंच ते,
आणि मग जात नाही, जावयासारखं.
दुसरा देखणा, राखाडी, निळी किनार,
पण पुढे निमुळता. माझी डावी करंगळी
दहावीत पलंगाला आपटून मोडलेली,
तेव्हापासून घराबाहेर तोंड करून बसते.
तिला देखणेपण मानवलं नाही.
तिसरा पिकल्या टेंभराच्या रंगाचा.
कोणत्याच साडीवर जाणार नाही असा.
पुढे ऐसपैस, टाच धरून ठेवणारा,
तळाला दात.

दुकानातल्या फरशीवर सगळेच बूट गुणाचे असतात.
बाहेर नालीच्या कामाची गिट्टी पडली होती.
"चढू?"
इद्रिसभाईंनी बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग किमतीच्या चिठ्ठीकडे.
"चढा बाप्पा. पन ओरखडा आला तं जोडा तुमचा."

चढणं सोपं. परीक्षा उतरताना:
अंगठे पुढे आदळतात का.
चहावाल्याचं पोरगं फेऱ्या मोजू लागलं.
सातव्या फेरीला एक सायकलवाला थांबला,
"म्याडम, काही हरपलं काय?"

रविवारी फुलकाय बेठेकर पुढे, मी मागे.
तिच्या पायात एकशेवीसचे काळे प्लॅस्टिकचे,
मोज्याविना.
तिने माझा एक बूट हातावर तोलला,
अंगणवाडीत बाळ तोलते तसा.
"कोंबडीबी याच्याहून जड भरते.
कितीले पडला?"
मी अर्धीच किंमत सांगितली.
तरी ती चालता चालता थांबली.

उतारावर मुरूम, त्यावर सागाची वाळकी पानं.
तळवे धरत गेले.
खडे कळत होते, टोचत नव्हते;
एवढंच हवं होतं मला, खडे कळायला हवेत.
मग कुणाच्या तरी ओलिताच्या धुऱ्यावरून गेलो
आणि काळ्या मातीने
माझे आठशे वीस ग्रॅम
व्याजासकट परत केले.
फुलकायच्या गुळगुळीत तळांना काहीच नाही.
तिने एक काडी दिली. हसली नाही.
पाठ वळल्यावर हसली असेल.

रात्री जाळीतून कुसळं उपसत बसले.
सेफ्टीपिन त्यासाठीच असते.
एक मोजा ओलांडून सरळ घोट्यात गेलेलं,
त्याच, सात वर्षं झाकून ठेवलेल्या.
रोज साठ जणांना टोचताना
"काही नाही, मुंगी चावल्यासारखं" म्हणणारी मी
चांगली मोठ्यानं ओरडले.