रकाना

कोळशेतच्या धक्क्यावर ओहोटी लागायच्या बेतात.
बाटली बुडबुडा न धरता भरायची,
हे शिकायलाच मला एक पावसाळा गेला.
मग पिपेटभर औषध, दोनदा. बूच. हलवणं.
साका तपकिरी बसला तर पाण्यात श्वास आहे.
पांढरा बसला, तर नाही.

गोमा नाखवा जाळ्याची गाठ दातांत धरून बघत होता.
"कंचा रंग?"
मी बाटली उन्हात धरली.
दुधाहून जरासा मळकट.

कागदावर दोन रकाने: पोहण्यास. जलचरांस.
पेन्सिल टेकवते, तोच
धप्प!
त्याचा नातू प्रणित, चड्डीसकट,
वर आला तो खिदळतच.
"ए, तोंड मीट!"
सहा वर्षांच्या नोकरीतून
मला एवढंच सुचलं.

नाखव्याने चिखलाकडे बोट केलं.
"ती बग, निवटी."
कल्ल्यांत घोटभर पाणी,
डोळे डोक्यावर ठेवून दिल्यासारखे,
पुढच्या परांवर रेटा देत
ती नदीतून बाहेर चालली होती.

याला रकाना नव्हता.
समासात लिहिलं:
निवटी, एक. सकाळी आठ चाळीस.
पेन्सिलीनेच.
ओल्या कागदावर शाई फुटते.