ढगळ माप

अठ्ठावीस वर्षं मी रुस्ताकमध्ये माणसं बेततोय.
खांदा, छाती, बाही, घेर.
टेप गळ्यात असला की
अरबी अडत नाही.

बार्शीला ज्यांच्या हाताखाली शिकलो
ते म्हणायचे, कपडा असा बसावा
जशी दुधावर साय.

खल्फान पांढरा कॅनव्हास घेऊन आला.
मधमाशांसाठीचा पोशाख शीव, म्हणाला.
मी माप घेतलं, नेटकं.
तो हसला. "चार बोटं सोड."
कुठं?
"सगळीकडे. कापड कातडीला टेकलं
की तिथून ती आत येते."

तर आयुष्यात पहिल्यांदा
मी मुद्दाम वाईट शिवलं.
पाठ ढगळ, मांडी ढगळ, काखेत भली मोठी कळी.
मनगटाला मात्र घट्ट इलास्टिक.
चेन हनुवटीखाली संपते तिथं
तिळाएवढं भोक उरतं, त्यावर वेलक्रोची पट्टी.
जाळी काळी, कारण पांढरीतून ऊन डोळ्यांत घुसतं,
आणि नाकापासून लांब राहावी म्हणून
टोपीच्या काठात तारेची कडी.

"आता तूच घाल," खल्फान म्हणाला.

शुक्रवारी वाडीच्या वरच्या अंगाला गेलो.
बोरी फुलल्या होत्या.
खजुराच्या पोकळ ओंडक्यांची चळत,
प्रत्येकाच्या तोंडाशी ये-जा.

गाडीतून उतरताच त्यानं मला हुंगलं.
अत्तर?
मी लावत नाही. पण माझ्या बोटांना होतं,
आठवडाभर दुरुस्तीला आलेल्या दिशदाशांच्या
गळ्यातल्या गोंड्यांचं.
फलजच्या पाण्यात राखेनं हात धुतले.
सकाळी केळं खाल्लंस?
खाल्लं होतं. चूळ भरली.
माशी चिडली की पिकल्या केळ्याचा वास सुटतो,
म्हणजे बाकीच्यांना हाक: इथं, इथं मार.
पायजमा मोज्यात खोचला.
दारासमोर नको, बाजूला उभा राहा,
तुझ्या दुकानाच्या दारात कुणी ठाण मांडलं तर चालेल तुला?
आणि मशीन मारल्यासारखा हलू नकोस,
हातानं तुरपाई करतोस ना, तसा.

त्यानं काथ्याचा धूर सोडला, थोडा, थंड.
आत घामाची धार. नाकाला खाज.
एक माशी जाळीवर बसली, बरोबर डोळ्यासमोर,
तिच्या पोटाची धडधड दिसत होती.
माझा हात उठला
आणि मीच त्याला खाली बसवला.

मग डाव्या काखेत निखारा.

तीन टाके.
गुरुवारी रात्री, दोऱ्याचं रीळ संपलं म्हणून
उद्या बघू म्हटलेले तीन टाके.
अठ्ठावीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला
न सापडलेली माझी लबाडी
तिला पाच मिनिटांत सापडली.

"पळू नको. इथं काढू नको."
काखेवर धूर मारत त्यानं मला
पन्नास पावलं लांब नेलं, गाफच्या सावलीत.
मी चिमटीनं काटा उपटायला गेलो
तर हातावर चापट.
"पिळलास तर विष आत जाईल. नखानं खरवड."

मग अर्धा तास तो माझ्या ओठांकडे बघत बसला,
हातात गाडीची किल्ली.
जीभ दाखव. श्वास? घशात काही?
मी रोज माणसांना इतकं निरखतो.
मला कुणी निरखलं नव्हतं.

काही झालं नाही. काखेत लिंबाएवढी गाठ, एवढंच.
त्यानं पोळ्याचा तुकडा मोडून बोटावर ठेवला.
एजंटानं लावलेलं मधाचं बोट आठवलं,
त्यात मध नव्हता.

आता अकरा पोशाखांची ऑर्डर आहे.
काखेला दुहेरी शिवण, दोनदा उलटून बघतो.
शनिवारी एक गिऱ्हाईक दिशदाशा घालून
आरशापुढे फिरत म्हणालं,
मास्तर, यंदा जरा सैल झालाय.
मी पाहिलं. खरंच,
चार बोटं.